दोन वर्षांचा मुलगा, खडीचा डंपर आणि 'शेअर कर ना बाळा'

चिंचगोळी | सोमवार, रात्री ११.५२

लेक २ वर्षं २ महिन्यांचा आहे. इथे त्याला गुंड्या म्हणते. आमच्या सोसायटीत कंपाउंडचं काम चालू आहे, त्यामुळे मागच्या बाजूला खडीचा ढीग पडलाय. रोज साडेपाचला खाली उतरलो की बाकीची पोरं घसरगुंडीकडे पळतात आणि हा सगळ्यांकडे पाठ करून त्या ढिगापाशी बसतो. प्लास्टिकचा डंपर भरायचा, ओतायचा, परत भरायचा. कोणी जवळ आलंच तर डंपर पोटाशी धरून "माझं! माझं!" अशी बोंब.

इथपर्यंत मी चालवून घेतलं असतं. पण रविवारी एका वाढदिवसाला गेलो होतो. तिथे त्याने एका मुलाच्या हातातला फुगा ओढला, त्याने सोडला नाही, तर सरळ दंडाला चावला. दातांचे वळ उठले हो! त्या मुलाची आई रागावली वगैरे नाही, "अजून शेअरिंग शिकला नाहीये वाटतं" एवढंच म्हणाली. मी तेव्हापासून ते वाक्य चघळतेय.

साबा (सासूबाई) म्हणतात, एकटं वाढतंय, दुसरं काय होणार. नवरा म्हणतो, मी पण असाच होतो. (हे ऐकून काळजी दुप्पट झाली. दिवा घे रे, म्हणजे हसण्यावारी ने, वाचत असशील तर.) एका प्लेस्कूलमध्ये चौकशीला गेलो तर तिथल्या बाईंनी जेमतेम दहा मिनिटं त्याच्याकडे बघितलं, "सोशल स्किल्स कमी आहेत" असं सांगितलं आणि लगेच फीचा कागद पुढे केला.

या वयाची मुलं एकमेकांशी खरंच खेळतात का? की मी एकटीच मागे राहिलेय?

वरणफळ | मंगळवार, सकाळी ७.१५

अगं, माझी आता पाच वर्षांची आहे. दोनची असताना बागेत वाळूत बसायची, शेजारी दुसरी एक तिच्याच वयाची. दोघी अर्धा-अर्धा तास एकमेकींकडे न बघता वाळू चाळायच्या. मी आणि तिची आई बाकावर बसून म्हणायचो, यांचं काही जमत नाही बाई. एक दिवस ती दुसरी आली नाही तर आमचं ध्यान वाळूत उतरायलाच तयार नाही, रडून गोंधळ. म्हणजे 'जमत' होतं, आम्हालाच दिसत नव्हतं.

गुंड्या खडी भरतो तेव्हा आजूबाजूला कोण असतं, ते जरा बघ.

खडूस_काका | मंगळवार, सकाळी ९.०३

दोन वर्षांच्या पोराची सोशल स्किल्स! आमच्या वाडीत २३ पोरं होती आणि एकाच्याही आईला हा शब्द ठाऊक नव्हता. चावलं की समोरचा चावायचा. हिशेब जागच्या जागी मिटायचा. शेअरिंग म्हणाल तर एक लिमलेटची गोळी सदऱ्यात धरून दाताने फोडायची आणि चौघांत वाटायची. कोणी कोर्स घेतला नव्हता.

दुपारची_झोप | मंगळवार, सकाळी ९.२०

काका, तुमच्या वाडीत २३ पोरं होती तशा गॅलरीत नऊ बाया पण होत्या. कोणाचं डोकं फुटलं, कोण विहिरीकडे गेलं यावर अठरा डोळे. आता खाली एक आई आणि तिच्या हातात फोन, तोही ऑफिसचा. जुळ्यांची आई आहे मी, माझ्याशी वाद घालू नका, झोप झालेली नाही.

ठोकताळे | मंगळवार, दुपारी १.४०

लहान मुलांच्या विकासाशी संबंधित काम करते, म्हणून जरा सविस्तर.

चिंचगोळी, तुमच्या प्रश्नाला जवळजवळ शंभर वर्षं झाली. मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या बाईंनी अमेरिकेत मिनेसोटाच्या एका बालवाडीत बसून हेच पाहिलं. मुलं मोकळी खेळत असताना एकेका मुलाकडे एकेक मिनिट बघायचं आणि नोंदवायचं, असं अनेक दिवस. १९३२ साली ते छापून आलं. त्यात एकट्याने खेळणं आहे, नुसतं उभं राहून दुसऱ्यांचा खेळ बघणं आहे, आणि वरणफळ यांनी सांगितलेला वाळूतला प्रकारही आहे: शेजारी बसून, तशाच वस्तू घेऊन, पण आपापलं. याला समांतर खेळ म्हणतात. वाटण्या करून, 'तू डॉक्टर मी पेशंट' असा ठरवून खेळ त्यांना प्रामुख्याने मोठ्या मुलांत दिसला. सव्वादोन वर्षांच्या मुलाकडून त्याची अपेक्षा धरणं म्हणजे दुधाच्या दातांनी ऊस सोलायला सांगणं.

पण लोक पार्टेनबाईंच्या यादीचा जिना करतात. ही पायरी झाली की ती पायरी. तसं नसतं. १९८० मध्ये बेकमन आणि ब्राउनली यांनी दाखवलं की तीन वर्षांची मुलं समांतर खेळाचा चक्क डाव म्हणून उपयोग करतात. एखाद्या गटात शिरायचं असेल तर आधी शेजारी जाऊन तसंच काहीतरी करत बसायचं आणि मग हळूच आत सरकायचं. आपण मोठे वेगळं काय करतो? लग्नात ओळखीचं कोणी नसलं की जेवणाच्या रांगेत कोणाच्या तरी मागे उभे राहतो.

अमेरिकेच्या सीडीसीची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेची, मुलांच्या वाढीच्या टप्प्यांची यादी २०२२ मध्ये सुधारली. त्यात 'इतर मुलांच्या शेजारी खेळतो, कधीकधी त्यांच्याबरोबर खेळतो' हे अडीच वर्षांला आहे आणि 'इतर मुलं दिसली की त्यांच्यात जाऊन खेळतो' हे तीनला. त्या प्लेस्कूलच्या बाईंना घाई झाली होती. फीची असावी.

चिंचगोळी | मंगळवार, दुपारी ३.१०

ठोकताळे, मनापासून आभार. जेवणाच्या रांगेवर हसले. पण चावण्याचं काय? आणि ते "माझं"? घरातला सोफा, कुकर, वॉचमनकाकांची खुर्ची, सगळं त्याचं आहे.

ठोकताळे | मंगळवार, दुपारी ४.०५

"माझं" ऐकून मला तरी बरं वाटतं. 'मी' कळल्याशिवाय 'माझं' येत नाही आणि 'माझं' कळल्याशिवाय 'तुझं' कुठून येणार? आधी मालक होऊ दे, मग दाता होईल.

चावणं या वयात शब्द अपुरे पडतात म्हणून होतं. फुगा हवाय, तो देत नाही, सांगायला वाक्य नाही, तोंड मात्र जवळ आहे. चावल्यावर लांबलचक भाषण नको. "चावायचं नाही, दुखतं" एवढं ठामपणे म्हणायचं, बाजूला घ्यायचं, आधी ज्याला लागलंय त्याच्याकडे बघायचं. 'चावलं की कसं दुखतं बघ' म्हणून उलट चावून दाखवू नका. काका, हे तुमच्यासाठी.

आता शेअरिंग. ब्राउनेल आणि सहकाऱ्यांचा २००९ चा एक प्रयोग मला फार आवडतो. मुलासमोर दोन पर्याय: एकात खाऊ फक्त त्याला, दुसऱ्यात त्याला आणि समोरच्या बाईंनाही. दुसरा निवडला तरी मुलाचं काहीच कमी होत नाही. १८ महिन्यांच्या मुलांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. २५ महिन्यांची मुलं मात्र बाईंनाही खाऊ मिळेल असं बघायची, पण केव्हा? बाईंनी मला हे आवडतं, मला हवंय असं तोंडाने सांगितलं तर. नुसत्या गप्प बसल्या तर नाही. म्हणजे गुंड्याच्या वयात मन नसतं असं नाही, समोरच्याच्या मनात काय आहे ते आपोआप कळत नाही. "शेअर कर" हे त्याच्या दृष्टीने निरर्थक आहे. त्याऐवजी "त्याला पण डंपर हवाय, तो बघ हात पुढे करतोय, तुझं भरून झालं की देशील?" असं समोरच्याचं मन मोठ्याने वाचून दाखवा. आणि खरंच त्याचं भरून होऊ द्या. मध्येच हिसकावून दुसऱ्याला दिलं तर मोठा माणूस हिसकावू शकतो, एवढाच धडा तो घेईल.

राईनकाठचा | मंगळवार, रात्री १०.३०

आम्ही जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला. इथे २०१३ च्या ऑगस्टपासून एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघराच्या जागेचा कायद्याने हक्क आहे, त्यामुळे लेक सव्वा वर्षाची असताना 'किटा'त जायला लागली. पहिले तीन दिवस मी तिच्याबरोबर कोपऱ्यात बसून. ताई सांगायच्या, तुम्ही खेळवू नका, फक्त बसा, ती बोटीसारखी निघेल आणि धक्क्याला येईल तशी तुमच्याकडे येईल. चौथ्या दिवशी मला थोडा वेळ बाहेर पाठवलं. पुढे मुलीच्या कलाने वेळ वाढवत नेला. ऑफिसात सुट्टी मागताना जीव गेला, पण त्या दिवसांत मी जे पाहिलं ते एरवी दिसलं नसतं.

घरी आम्ही निव्वळ मराठी. तिला जर्मनचं अक्षर येत नव्हतं. पण त्या खोलीत कोणालाच कुठलीच भाषा धड येत नव्हती. एकाने चमचा आपटला की सगळे आपटायचे. एक टेबलाखाली गेला की चारजण टेबलाखाली. हा त्यांचा संवाद.

आणखी एक, हात पुढे करून, पंजा दाखवून 'श्टॉप!' म्हणायला तिथे लहानपणापासून शिकवतात. ढकलायचं, चावायचं त्याऐवजी पंजा. लेक पुण्याला आली तेव्हा तिने आजीने भरवलेल्या चौथ्या घासाला पंजा दाखवला. आजी अजून बोलत नाहीये आमच्याशी.

कुरणवाट | बुधवार, दुपारी २.२०

मी पालघर जिल्ह्यात बालवाडीत शिकवत होते, आता निवृत्त. इकडे आमच्या भागात बालशिक्षण हा विषय ताराबाई मोडकांच्या नावाशिवाय सुरू होत नाही. १९४५ ला त्या बोर्डीला आल्या, पुढे १९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, बरोबर अनुताई वाघ. मुलं शाळेत येईनात तर शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. सरकारची अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, पण अंगणात मुलं गोळा करून शिकवायचं हे इथल्या लोकांनी आधीच पाहिलेलं होतं.

ते सांगायचं कारण असं की अंगणात वयाची भिंत नसते. माझ्याकडे नाव तीन ते सहाच्या मुलांचं, पण पाच वर्षांची पोर येताना कडेवर दीड वर्षाचा भाऊ घेऊनच यायची. त्याला घरी कोण बघणार? तपासणीला कोणी आलं की मी त्या कडेवरच्या मुलांना मागच्या दाराला बसवायचे. पण खरं सांगते, ती मुलं जेवढी भराभर शिकली तेवढं मी कोणाला शिकवलं नाही.

शहरात सगळी एका मापाची मुलं एका खोलीत घालतात. दहा दोन-दोन वर्षांची. दहाही जणांना तोच ट्रक हवा आणि द्यायचं कसं हे एकालाही माहीत नाही. मग भांडणार नाहीत तर काय करतील?

काही साध्या गोष्टी सांगते. या वयात एकसारख्या दोन वस्तू ठेवा, दोन डंपर, दोन वाट्या. माती, पाणी, पानं, खडी ही खेळणी सगळ्यात बरी, कारण ती कोणा एकाची नसतात आणि संपत नाहीत. (तुमच्या मुलाने खडी निवडलीय, पोरगं हुशार आहे. तोंडात घालत नाही ना, तेवढं बघा.) आणि एक मोठी टोपली द्या, एकट्याला न उचलणारी. मी टोपलीत नारळाच्या करवंट्या भरून ठेवायचे आणि "अरे, ही तिकडे कोण नेणार?" एवढंच म्हणायचे. दुसऱ्या कानाला कोण धरतंय हे शोधायला मूल आपणहून मान वर करतं.

नदीकाठ | बुधवार, सायंकाळी ६.४५

कुरणवाटताईंच्या प्रतिसादावरून आठवलं. मोझिअर आणि रोगॉफ यांचा २००३ चा अभ्यास आहे. ग्वाटेमालातलं सान पेद्रो हे माया लोकांचं गाव आणि अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी. दोन्हीकडे १४ ते २० महिन्यांचं मूल आणि त्याचं तीन ते पाच वर्षांचं भावंड, दोघांना एकच वस्तू हवी असेल तर काय होतं? सॉल्ट लेक सिटीत आया वाटण्या करायच्या, आधी तू मग तो, नियम दोघांना सारखा. सान पेद्रोत बहुतेक वेळा छोट्याला वस्तू मिळायची, कारण तो अजून 'समजत्या' वयाचा नाही. गंमत म्हणजे तिथली ती तीन ते पाचची मुलं कोणी न सांगता छोट्याला देत होती. आदल्या वर्षी त्यांनाही असंच कोणीतरी दिलेलं होतं.

वाचताना मला एकच शब्द सुचला. कच्चं लिंबू.

खडूस_काका | बुधवार, सायंकाळी ७.००

अहो, हेच तर मी पहिल्या दिवसापासून सांगतोय! वाडीत विष-अमृत खेळताना तीन वर्षांचं शेंबडं पोर आलं की कोणी हाकलत नसे. "हा कच्चं लिंबू हां!" असं एकाने ओरडून जाहीर केलं की झालं. त्याला कोणी आउट करायचं नाही, त्याच्यावर राज्य नाही, पण तो पळणार सगळ्यांबरोबर, विष मिळालं की पुतळा होणार, अमृताची वाट बघणार. त्याला वाटायचं आपण खेळतोय. खेळतच होता की. दोन पावसाळ्यांनी तो स्वतःच फुरंगटायचा, "मी नाही कच्चं लिंबू." त्या दिवसापासून राज्य त्याच्यावर पण.

दुपारची_झोप | बुधवार, सायंकाळी ७.३०

काका, आयुष्यात पहिल्यांदा अनुमोदन. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मोठी_ताई | बुधवार, रात्री ११.१०

सगळे कच्च्या लिंबावर खूश आहेत, म्हणून एक कडू थेंब टाकते.

मी चार वर्षांची असताना भाऊ झाला. "तो लहान आहे ना, दे बरं त्याला" हे वाक्य मी पुढची दहा वर्षं ऐकलं. माझी कापडी बाहुली होती, मावशीने शिवलेली. त्याने तिचा हात उपटला. मी रडले तर मलाच, "एवढी मोठी झालीस आणि..." मी तेव्हा सहाची होते. तो सहाचा झाला तेव्हा मी दहाची, तरी तो लहानच. कच्चं लिंबू कधी पिकलंच नाही. परवा आईच्या फ्लॅटच्या कागदपत्रांवरून बोलणं चाललं होतं, तेव्हा ती म्हणाली, "तो लहान आहे गं." तो ३८ वर्षांचा आहे.

आणि बघा, आमच्या घरात जी 'देते' ती नेहमी मुलगी असायची आणि ज्याला मिळतं तो मुलगा. सान पेद्रोत कसं ते नदीकाठ सांगतील. इथलं मला माहीत आहे.

नदीकाठ | गुरुवार, सकाळी ८.१५

मोठी_ताई, तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. फक्त एक फरक जाणवतो. काकांच्या वाडीत कच्चं लिंबू मुलांनी ठरवलेलं होतं आणि त्याला मुदत होती. तुमच्या घरी ते मोठ्यांनी लादलं आणि मुदतच नव्हती. बाहुलीच्या हाताबद्दल वाईट वाटलं, खरंच.

कुरणवाट | गुरुवार, सकाळी १०.४०

मोठी_ताई, माझ्याकडे त्या कडेवर भाऊ घेऊन येणाऱ्या मुलीच असायच्या. मुलगा घेऊन आलाय असं मला आठवत नाही. हे काल मी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

अर्धविराम | गुरुवार, रात्री ९.५५

बराच विचार करून लिहितोय. "होईल आपोआप, सगळी मुलं अशीच असतात" हे आम्हालाही सगळ्यांनी सांगितलं होतं, प्रेमाने. त्यात आमचे आठ महिने गेले. मुलगा आता सहाचा आहे, ऑटिझम आहे, छान चाललंय, पण ते आठ महिने मला परत हवेत.

चिंचगोळी, इतर मुलांशी खेळत नाही यावरून काही ठरत नाही, ठोकताळे म्हणतात ते बरोबर. आम्ही बघायला हवं होतं ते वेगळंच होतं. हाक मारली की वळून बघतो का? आकाशातलं विमान बोटाने दाखवतो आणि तुम्ही पाहिलंत का म्हणून तुमच्या तोंडाकडे बघतो का? काहीतरी मिळालं की तुम्हाला दाखवायला आणतो का? आमचा मुलगा बोट दाखवत नव्हता, माझा हात धरून फ्रिजवर नेऊन ठेवायचा. मी तेव्हा ते गोड म्हणून व्हिडिओ काढले होते.

ठोकताळे | गुरुवार, रात्री १०.३०

अर्धविराम, लिहिलंत त्याबद्दल आभार. यात भर एवढीच: शंका असो नसो, १८ आणि २४ महिन्यांना यासाठी बालरोगतज्ज्ञांकडून प्रश्नावली भरून घेता येते, दहा मिनिटांचं काम आहे. आधी येणारे शब्द किंवा खेळ बंद झाले असतील तर वाट अजिबात बघू नये. खाजगी परवडत नसेल तर २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, अंगणवाडीतूनही तिथे पाठवतात.

चिंचगोळी | शुक्रवार, सकाळी ६.५०

अर्धविराम, रात्री तुमचं वाचून झोपलेल्या गुंड्याकडे बघत बसले. सकाळी उठल्या उठल्या खिडकीतल्या कावळ्याकडे बोट, मग माझ्याकडे बघून "काऊ बशला". काल मेलेलं झुरळ आणून हातावर ठेवलं होतं, तेव्हा किंचाळले होते. आता त्या झुरळाची किंमत कळली. तरी पुढच्या लशीच्या वेळी डॉक्टरांकडून प्रश्नावली भरून घेणार आहे.

चिंचगोळी | रविवार, रात्री १०.१५ (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतेय.

दुसरा डंपर आणला. पहिले चार दिवस दोन्ही डंपर "माझं". पाचव्या दिवशी बी विंगमधली एक तेवढीच मुलगी येऊन बसली आणि दुसऱ्यात खडी भरायला लागली. हा बघत राहिला. मी जीभ चावून गप्प. मग त्याने स्वतःच्या डंपरमधली मूठभर खडी तिच्या डंपरमध्ये टाकली. तिने ती उचलून फेकून दिली. दोघं हसले. हे वीस वेळा. त्यात काय विनोद होता ते मला कळलेलं नाही.

चावणं एकदा झालं, मलाच. पंजा शिकवतेय. सध्या तो पंजा दाखवून "टॉप" म्हणतो आणि मग ढकलतो.

काल खाली मोठ्या पोरांचं विष-अमृत चालू होतं. हा डंपर घेऊन मधोमध जाऊन उभा. मी धावणार तेवढ्यात तिसरीतली एक मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ए, हा कच्चं लिंबू हां." मला वाटलं होतं हा शब्द आता गेला! मग त्याला कोणीतरी विष दिलं. त्याला काही कळलं नाही, पण सगळे थांबतात तसा थांबला. अमृत द्यायला सगळे विसरले. खेळ संपला, पोरं पाणी प्यायला गेली, आणि हा डंपर पोटाशी धरून तसाच उभा. शेवटी मीच जाऊन अमृत दिलं.

खडूस_काका | रविवार, रात्री १०.२२

कच्च्या लिंबाला विष दिलं? कोण ते पोर? नियम माहीत नाहीत यांना.